कॉम्प्युटरचा विभाग पारखायचा कसा

सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एकच हिशेब सुरू होतो: एवढ्या पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज मिळेल? जे मिळेल तिथे कॉम्प्युटर शिकवतात कसं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. कटऑफवरून इतकंच कळतं, की गेल्या वर्षी किती पर्सेंटाइलची मुलं त्या दारातून आत गेली. आत गेल्यावर चार वर्षं त्यांचं काय होतं, ते शोधून काढावं लागतं. त्यातलं पाऊण काम घरबसल्या होतं, कारण कॉलेजांना बरीचशी माहिती नियमानेच जाहीर करावी लागते. फक्त ती संकेतस्थळाच्या अशा कोपऱ्यात पडलेली असते, की तिकडे कुणी फिरकत नाही.

ज्यांना आयआयटी, व्हीजेटीआय किंवा सीओईपी मिळणार हे ठरलेलंच आहे, त्यांनी हा लेख नाही वाचला तरी चालेल. साधारण ऐंशी ते सत्त्याण्णव पर्सेंटाइलच्या मधल्या पट्ट्यात कॉलेजांची गर्दी असते, नावं सारखी वाटतात, इमारती सारख्या दिसतात आणि माहितीपत्रकांवरची हसरी मुलंसुद्धा तीच असावीत असं वाटतं. पारख करायची गरज खरी तिथे आहे.

साहित्य फार लागत नाही. लॅपटॉप, एक्सेलची एक शीट (वहीही चालेल, रकाने आडवे आखा), दहा-बारा दिवस, आणि शेवटी उरलेल्या तीन-चार कॉलेजांत स्वतः जाऊन यायची तयारी. पैसे घेऊन ऑप्शन फॉर्म भरून देणारे समुपदेशक आता गल्लोगल्ली झालेत. त्यांच्याकडे बहुतेक वेळा असतं ते कटऑफचंच कोष्टक, आणि ते सीईटी सेल फुकट देतो.

१. यादी करा, पण कॉलेजांची नव्हे

सीईटी सेलच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीच्या प्रत्येक कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीचे कटऑफ पीडीएफमध्ये असतात. आपला प्रवर्ग बघून बारा-पंधरा ओळींची यादी करा. चार आवाक्याच्या थोड्या वरच्या, सहा-सात बरोबरीच्या, उरलेल्या हमखास मिळणाऱ्या.

प्रत्येक ओळ एका विभागाची हवी. एकाच कॉलेजात कॉम्प्युटर, आयटी, एआय-डीएस, एआय-एमएल, सायबर सिक्युरिटी अशा पाच-पाच शाखा असतात. त्यांतला एखादा विभाग वीस-पंचवीस वर्षं मुरलेला असतो, तर दुसऱ्याचं अजून नीट बस्तान बसलेलं नसतं. कॉलेजच्या नावाखाली दोघांना एकत्र मोजलं की फसगत ठरलेली.

२. पेपर कोण काढतं, शिक्का कुणाचा

पहिला रकाना: कॉलेज संलग्न आहे की स्वायत्त? संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम आणि पेपर दोन्ही विद्यापीठाचे असतात. पुणे, मुंबई किंवा लोणेरेच्या बाटू विद्यापीठाखालच्या सगळ्या कॉलेजांना आपापल्या विद्यापीठाचा एकच पेपर. स्वायत्त कॉलेजात अभ्यासक्रम तिथलाच, पेपर तिथलाच, तपासणीही तिथलीच. पदवी मात्र विद्यापीठाची. मुंबईचं व्हीजेटीआय आणि सांगलीचं वालचंद ही या प्रकारातली जुनी नावं. सीओईपी २०२२पासून स्वतःच विद्यापीठ झालं. चांगल्या शिक्षकांच्या हाती स्वायत्तता आली की विषय वर्षावर्षाला सुधारत जातात. कच्च्या कॉलेजात त्याच स्वायत्ततेमुळे पेपर सोपे होतात, निकाल नव्वद टक्क्यांवर जातो आणि नऊच्या पुढचे पॉइंटर सर्रास वाटले जातात. तेव्हा ‘ऑटोनॉमस’ असा मोठा फलक दिसला म्हणून भारावून जाऊ नका. नेमकं काय चालतं ते चौथ्या पायरीत कळेल.

दुसरा रकाना एनबीएचा. नॅक संपूर्ण संस्थेला श्रेणी देतं. एनबीए एकेका शाखेला मान्यता देतं. म्हणजे नॅकचं ‘ए प्लस प्लस’ कॉलेजच्या वाचनालयापासून क्रीडांगणापर्यंत सगळ्यांचं मिळून असतं. आपल्याला हवी ती नोंद एनबीएच्या यादीत: कॉम्प्युटर शाखा आहे का, आणि मुदत कोणत्या तारखेपर्यंत? मुदत संपलेली मान्यता माहितीपत्रकात मिरवणारी कॉलेजं आहेत, म्हणून तारीख एनबीएच्याच संकेतस्थळावर बघा. एआय-डीएससारख्या नव्या शाखेला एनबीए नसेल तर तो दोष मानू नका. निदान दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय अर्जच करता येत नाही.

भारत २०१४मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला, त्यामुळे आमची पदवी परदेशात चालते, असं प्रवेशाच्या टेबलावर सांगतात. अर्धसत्य आहे. ती मान्यता एनबीएच्या ‘टियर वन’ म्हणजे स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठं यांच्या कार्यक्रमांपुरतीच लागू होते. आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीत तिची चौकशी सहसा कुणी करत नाही.

३. शिक्षक मोजा

इथे सगळ्यांत जास्त वेळ घालवा. विभाग म्हणजे अखेर शिकवणारी माणसंच.

आधी मंजूर जागा किती ते बघा. एआयसीटीई दरवर्षी कॉलेजला मान्यतेचं पत्र देते, त्याला ईओए म्हणतात. ते संकेतस्थळावर असतं आणि त्यात शाखावार जागा असतात. गेल्या पाच वर्षांची पत्रं काढा. साठाच्या एकशेवीस, एकशेवीसच्या दोनशेचाळीस, अशी चढण कुठल्या वर्षी झाली ते टिपा. २०२४-२५पासून एआयसीटीईने चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांसाठी एका शाखेच्या जागांवरची वरची मर्यादाच उठवली. मग मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या रिकाम्या जागा मिटवून त्या कॉम्प्युटरकडे वळवायची घाई सुरू झाली. जागा एका कागदाने वाढतात. शिक्षक तसे वाढत नाहीत.

आता गणित करा. नियमाने वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. २०१८च्या आधी हेच प्रमाण पंधराला एक होतं. पहिलं वर्ष बहुतेक गणित, भौतिकशास्त्राचे शिक्षक सांभाळतात म्हणून ते सोडा. २४० जागांच्या शाखेत दुसरं ते चौथं वर्ष मिळून ७२० मुलं, शिवाय डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षात आलेली. निदान ३६ शिक्षक हवेत. विभागाच्या पानावर नावं मोजा. मग त्याच कॉलेजच्या एआय-डीएस आणि आयटीची पानं उघडा. तीच नावं दोन ठिकाणी दिसली तर एकदाच धरा.

याच्या पुढचं खरं काम ज्या कागदात आहे, त्याची माहिती पालकांना क्वचितच असते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना पाठवलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. क्रमांक शंभरात आला की नाही याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपल्याला तिच्यातला शिक्षकांचा तक्ता हवा. नाव, वय, हुद्दा, पात्रता, अनुभव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, नेमणुकीचा प्रकार, असे रकाने असतात. अनुभव महिन्यांत दिलेला असतो, म्हणजे १८६ दिसलं की साडेपंधरा वर्षं. तक्ता पूर्ण कॉलेजचा असतो आणि त्यात विभाग लिहिलेला नसतो. विभागाच्या पानावरची नावं समोर ठेवून एकेक शोधावं लागतं. तासाभराचं कंटाळवाणं काम आहे, पण त्या तासात जे कळतं ते कुठल्याच खुल्या दिवसाच्या भाषणात कळणार नाही.

रुजू तारखांवर बोट फिरवत खाली या. पाच वर्षांहून जास्त टिकलेले किती? निम्म्याहून अधिक असतील तर विभाग स्थिर आहे. निम्म्याहून अधिक नेमणुका गेल्या दीड-दोन वर्षांतल्या असतील तर एक तर जागा नुकत्याच वाढल्या, नाहीतर माणसं टिकत नाहीत. गेल्या वर्षीचा तक्ता मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवा. जुलैत रुजू, मेमध्ये बाहेर अशी नावं पुष्कळ असतील तर ती वर्षाच्या बोलीवर घेतलेली ॲडहॉक मंडळी. त्यांच्यात हुशार माणसं असतात, पण पुढच्या वर्षी ती नसतात, आणि ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्याच दिवशी नव्या माणसाच्या गळ्यात पडते. तपासणीची कमिटी यायच्या आधीच्या दोन महिन्यांत एकदम सात-आठ नेमणुका दिसल्या तर त्याचा अर्थ सांगायला नको.

पीएच.डी. किती, हेही मोजा, पण त्याला फार वजन देऊ नका. दोन-तीन नावं गूगल स्कॉलरवर टाकून बघा. वर्षाला पंधरा-पंधरा शोधनिबंध आणि तेही कधी न ऐकलेल्या नियतकालिकांत, असं असेल तर ती पदोन्नतीची बेगमी. दोन-तीनच निबंध, पण विषय एकच धरून चाललेले, तर तो माणूस बहुधा काम करतो. उत्तम शिकवणाऱ्या पुष्कळ शिक्षकांच्या नावावर फारसं काही छापलेलं नसतं. त्यांचा पत्ता मुलंच देतात.

४. प्रश्नपत्रिका वाचा

अभ्यासक्रमाची तपासणी करायला तुम्ही त्या विषयातले असायची गरज नाही. गेट परीक्षेची कॉम्प्युटर सायन्सची विषयसूची उतरवून घ्या: डिस्क्रीट गणित, डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क्स. आता यादीतल्या प्रत्येक शाखेच्या अभ्यासक्रमात ही नावं शोधा आणि प्रत्येकासमोर लिहा: कितव्या सत्रात, किती क्रेडिट, प्रॅक्टिकल आहे की नाही.

डेटा स्ट्रक्चर्स दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हवं. ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क्सला प्रॅक्टिकल हवंच. ते नसेल तर दोन्ही विषय पाठांतराचे होतात. नव्या नावाच्या शाखांत काय काय घातलंय हे माहितीपत्रक सांगतं, काय काढलं ते तुम्ही शोधा. एआय-डीएसच्या कित्येक अभ्यासक्रमांत थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि कंपायलर गळालेले असतात, नेटवर्क्स आखडलेलं असतं आणि त्या जागी ‘बिझनेस ॲनालिटिक्स’सारखे विषय येतात. असा बदल एकवेळ चालेल. पण मशीन लर्निंग शिकवायचं आणि लिनिअर अल्जेब्रा व प्रॉबॅबिलिटीला मिळून अर्धंच सत्र द्यायचं, असं असेल तर त्या शाखेवर फुली मारा. गणिताशिवाय एआय म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी चालवणं.

पण अभ्यासक्रम कागदावर सगळ्यांचेच छान असतात. एकमेकांचे पाहूनच लिहिलेले असतात. खरी परीक्षा प्रश्नपत्रिकेत होते. स्वायत्त कॉलेजांच्या जुन्या प्रश्नपत्रिका वाचनालयाच्या पानावर मिळतात, नाहीतर मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास. ऑपरेटिंग सिस्टिमचे गेल्या तीन वर्षांचे पेपर काढा. एका पेपरात प्रश्न असतो, ‘डेडलॉक म्हणजे काय? त्याच्या चार अटी सांगा.’ पाच गुण. आदल्या रात्री पाठ केलं तरी पाचपैकी पाच. दुसऱ्या पेपरात असतं: एका प्रकारचे दहा रिसोर्स आहेत, पहिल्या प्रोसेसला कमाल सात लागतील, हाती तीन, दुसरीला कमाल चार, हाती दोन, तिसरीला कमाल आठ, हाती दोन. ही स्थिती सेफ आहे का? तिसरीने आणखी दोन मागितले तर द्यावेत का?

इथे हात चालवावा लागतो. शिल्लक तीन आहेत. दुसरीला आणखी दोन पुरतात, ती काम संपवून चार परत करते, मग पहिली सुटते, मग तिसरी. म्हणजे स्थिती सेफ. तिसरीला आधीच दोन देऊन टाकले तर शिल्लक एक उरतो, आणि मागणी वाढली तर त्या एकात कुणालाच पुरं करता येणार नाही. म्हणून नकार द्यायचा. विषय तोच, गुणही तेवढेच. पण ज्या विभागात दुसऱ्या जातीचे प्रश्न येतात तिथे वर्गातही तसंच शिकवावं लागतं.

तुम्हाला विषय अजिबात कळत नसेल तर प्रश्नांची क्रियापदं मोजा. ‘एक्सप्लेन’, ‘डिफाइन’, ‘राइट अ शॉर्ट नोट’ किती. ‘कॅल्क्युलेट’, ‘प्रूव्ह’, ‘डिझाइन’, ‘फाइंड द एरर’ किती. तीन वर्षांत तोच प्रश्न शब्दशः किती वेळा आला तेही बघा. संलग्न कॉलेजात विद्यापीठाचा पेपर सगळ्यांना एकच असल्याने त्यावरून कॉलेज कळत नाही; तिथे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचे पेपर आणि प्रॅक्टिकलची असाइनमेंट मागा. तयार उत्तरांच्या पुस्तकांवर अख्खा वर्ग चालत असेल तर ते तिथली मुलं लपवत नाहीत.

५. पॅकेजचे आकडे सोलून बघा

प्रवेशाच्या दिवसांत चौकाचौकांत फलक लागतात: ‘हायेस्ट पॅकेज ४४ लाख’. सर्वाधिक पॅकेज हा एका मुलाचा आकडा असतो आणि तो मुलगा बहुधा कुठेही गेला असता तरी तिथेच पोचला असता. तो रकानाच ठेवू नका. सरासरीही बेभरवशाची. दहा मुलांपैकी नऊ जणांना चार-चार लाख आणि एकाला चव्वेचाळीस लाख मिळाले तर सरासरी आठ लाख येते, आणि आठ लाख कुणालाच मिळालेले नसतात. रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार, म्हणजे मीडियन, चार लाखच असतो. तुमचा मुलगा किंवा मुलगी त्या मधल्याच्या आसपास असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. मीडियन एनआयआरएफच्या त्याच कागदात दिलेला असतो. वेळेत पदवी मिळालेले किती, नोकरी लागलेले किती, पुढच्या शिक्षणाला गेलेले किती, हेही. तो आकडा सर्व शाखांचा मिळून असतो, तेव्हा टीपीओंकडे, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे, फक्त कॉम्प्युटरचा मीडियन मागा. देणारी कॉलेजं आहेत. जे ‘सांगता येत नाही’ म्हणतात, त्यांच्या रकान्यात तसंच लिहा.

टीपीओंना आणखी दोन प्रश्न. ‘पंच्याण्णव टक्के प्लेसमेंट’ कशाच्या पंच्याण्णव टक्के? बहुतेकदा ‘पात्र’ मुलांच्या; केटी किंवा बॅकलॉगवाले आणि कमी पॉइंटरवाले आधीच वगळलेले. आणि आकडा मुलांचा की ऑफरचा? एकाच मुलीला तीन ऑफर आल्या की काही ठिकाणी त्या तीन मोजतात. सीटीसीत जॉइनिंग बोनस आणि चार वर्षांत मिळायचे शेअर मिसळलेले असतात, तेही वजा करून ऐका.

कोणत्या वर्षाचा आकडा बघता याला महत्त्व आहे. २०२१-२२मध्ये आयटी कंपन्या धडाधड भरती करत होत्या; त्या वर्षीचा आकडा सगळ्यांचाच उत्तम. २०२३-२४मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघींचीच मनुष्यसंख्या मिळून सुमारे ६४ हजारांनी घटली. त्या वर्षी साडेतीन लाखांच्या घाऊक भरतीवर विसंबलेली कॉलेजं उघडी पडली आणि ज्यांच्या मुलांना खरोखर काम येत होतं त्यांचं फारसं बिघडलं नाही. म्हणून २०२४ची तुकडी बघा. पडत्या वर्षात ज्या विभागाचा मीडियन टिकला, त्याला माझ्या लेखी दोन गुण जास्त.

६. जाऊन या

आता यादी चारांवर आली असेल. भेटीला खुल्या दिवशी किंवा प्रवेश मेळाव्याला जाऊ नका. वरच्या वर्गांचं सत्र चालू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी दोन-अडीचला पोचा. ती प्रॅक्टिकलची वेळ असते. ऑफिसात नाव नोंदवून विभाग बघायचाय म्हणून सांगा. सहसा शिपाईमामा वरपर्यंत घेऊन जातात.

प्रयोगशाळेत यंत्रं किती हे विचारू नका, चालू किती ते बघा. वीसच्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या समोर स्वतंत्र यंत्र आहे, की एक टाइप करतोय आणि दोघं मागे उभे आहेत? पडद्यावर काय आहे? मुलं काळ्या खिडकीत काहीतरी चालवून चुका वाचत असतील आणि मॅडम एकीच्या शेजारी वाकून ‘ही ओळ परत वाच’ म्हणत असतील, तर दारातूनच बरंच कळतं. उलट यंत्रं झाकलेली, आणि मुलं गेल्या वर्षीच्या सीनिअरच्या फाइलवरून प्रोग्रामचा आउटपुट हाताने जर्नलमध्ये उतरवतायत, सही घ्यायची रांग लागलीय, तर तेही कळलंच.

मग कँटीन. तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांशी बोला. आपण पालक आहोत हे सांगून टाका. मुलं मोकळेपणाने बोलतात. ‘कॉलेज कसं आहे?’ विचारलंत तर ‘चांगलं आहे, काका’ एवढंच उत्तर येईल. नेमकं विचारा. गेल्या सत्रात डेटाबेस कुणी शिकवलं, आणि सत्राच्या मध्येच सर बदलले का? लॅब कितीपर्यंत उघडी असते? तुझा मिनी प्रोजेक्ट दाखवतोस का?

शेवटचा प्रश्न लाख मोलाचा. बरीच मुलं फोनवरच गिटहब उघडून दाखवतात. कोड समजला नाही तरी चालेल, नोंदींच्या तारखा बघा. दोन महिने, आठवड्यातून तीन-चार नोंदी, चौघांची नावं, मधे कुठे ‘लॉगिन परत बिघडलं’ असा वैतागलेला शेरा, हा खरा प्रोजेक्ट. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच नोंदीत सगळ्या फाइली चढवलेल्या, तर तो कुठून तरी आलेला. कॉलेजच्या आसपास ‘फायनल इयर प्रोजेक्ट्स, रिपोर्ट व पीपीटीसह’ अशा पाट्या बऱ्याच शहरांत दिसतात. विभागाला त्या खपत असतील की नाही, हे तिथल्या मुलांच्या बोलण्यावरून ताडता येतं.

विभागप्रमुख भेटले तर एकच गोष्ट विचारा: गेल्या दोन वर्षांत अभ्यासक्रमात किंवा प्रॅक्टिकलमध्ये तुम्ही काय बदललंत, आणि का? ज्यांनी खरंच काही बदललंय ते बोलायला लागले की थांबत नाहीत. बाकीचे नॅकची श्रेणी सांगतात.

७. पाच वर्षांपूर्वीची तुकडी

लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थी वर्षानुसार शोधता येतात. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांपैकी कॉम्प्युटरची पंधरा-वीस नावं निवडा, आणि निवडताना आद्याक्षर धरा, म्हणजे चमकणारीच उचलली जाणार नाहीत. पहिली नोकरी महत्त्वाची नाही. पाच वर्षांनी काय करतायत ते बघा. सपोर्टमध्ये लागलेली मुलं तिथेच अडकली, की डेव्हलपमेंटकडे सरकली? लिंक्डइनवर नसलेली मुलं या नमुन्यात येत नाहीत, हे मनात ठेवा. दोघा-तिघांना निरोप टाका. आपल्या गावचं किंवा आपल्या बोर्डाचं कुणी दिसलं तर उत्तर नक्की येतं.

८. खर्च

विनाअनुदानित कॉलेजाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर असते; ‘डेव्हलपमेंट’ धरूनचा आकडा घ्या. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास २०२४-२५पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला अशा सवलती धरू नका. जाण्यायेण्याचे तास रुपयांइतकेच मोजा. रोज चार तास लोकलमध्ये काढणाऱ्या मुलाला संध्याकाळी लॅब उघडी असून उपयोग नसतो.

९. ऑप्शन फॉर्म

शीट भरली की बेरीज करू नका. बेरजेत चकचकीत प्लेसमेंट कच्च्या शिक्षकांना झाकून टाकते. आधी बाद करा: शिक्षक टिकत नाहीत तो विभाग बाद, पेपर सगळे पाठांतराचे आणि प्रॅक्टिकल नावापुरती, तोही बाद. उरलेल्यांत क्रम लावताना शिक्षक आणि प्रश्नपत्रिका या दोन रकान्यांना इतर सगळ्यांपेक्षा वरचं वजन द्या. मीडियन त्यानंतर. कटऑफ सगळ्यांत शेवटी. बरोबरची मुलं हुशार असण्याचा फायदा होतो हे खरं, पण तेवढ्यासाठी वर्गात सर नसलेलं कॉलेज घेऊ नये.

फॉर्ममध्ये क्रम निव्वळ आपल्या पसंतीचा लावा. ‘हे मिळणार नाही, मग वर कशाला टाकायचं’ हा हिशेब चुकीचा आहे. कॅपमध्ये वरच्या पसंतीपासून खाली बघत जातात, अवघड पर्याय वर ठेवल्याने खालच्यावरचा हक्क जात नाही. मात्र नको असलेलं काही वर टाकू नका. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते. २०२५च्या प्रवेशात दुसऱ्या फेरीला पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीला पहिल्या सहा पसंतींना तोच नियम लावला होता. आपल्या प्रवेशाच्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय फॉर्म उघडू नका.

चांगल्या विभागातलं आयटी आणि कच्च्या विभागातलं कॉम्प्युटर यांत डोळे मिटून आयटी घ्या. अभ्यासक्रमात दोन-तीन विषयांचा फरक असतो आणि मुलाखत घेणारा तो बघत नाही. जुन्या, मुरलेल्या कॉम्प्युटर विभागापुढे त्याच कॉलेजची कालपरवा सुरू झालेली एआय शाखा दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, तिचा कटऑफ वर असला तरी. दोन विभाग खरोखर तुल्यबळ निघाले तर घराजवळचा घ्या. आणि लॉगिन-पासवर्ड कुणा एजंटाच्या हाती देऊ नका. फॉर्म मुलाने किंवा मुलीने स्वतः भरावा, तुम्ही शेजारी बसून तपासा.